चुकलेल्या वाटेची साक्ष

कीटक आपल्या घरट्यापाशी बिनचूक पोहोचला, तर तो तिथे कसा पोहोचला हे त्यावरून जवळजवळ काहीच कळत नाही. त्याने सूर्य पाहिला असेल, झाडांची क्षितिजरेषा ओळखली असेल, वासाचा माग काढला असेल, पावले मोजली असतील किंवा या सगळ्यांचा थोडाथोडा आधार घेतला असेल. घर सापडले की हे सारे मार्ग एकाच जागी येऊन मिळतात आणि पाहणाऱ्याला त्यांतला एकही वेगळा काढता येत नाही. तो घर चुकला, आणि चुकून जिथे जाईल असे आपण आधीच वहीत लिहून ठेवले होते नेमका तिथेच गेला, तर मात्र त्या चुकीइतकी मोलाची माहिती दुसरी नाही. कीटक डोळ्यांनी वाट कशी शोधतात या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षे चाललेल्या खटाटोपाकडे मी याच नजरेने पाहत आले आहे. आरसे, पडदे, गोंद, तारा, फिरते पट्टे, प्रकाशाच्या भिंती आणि आता लेझरचे सूक्ष्मदर्शक ही सगळी सामग्री अखेर एकाच कामाची आहे: प्राण्याला अशा रीतीने चुकवायचे, की त्याच्या चुकीचा एकच अर्थ लावता यावा.

सुरुवात फार साध्या साधनांनी झाली. फेलिक्स सान्ची हे स्विस डॉक्टर ट्युनिशियातील कैरुआन येथे वैद्यकी करत आणि मुंग्यांचा अभ्यास करत. वारुळाकडे परतणाऱ्या मुंगीवरचे ऊन त्यांनी पडद्याने अडवले आणि विरुद्ध बाजूने आरशातून तिला सूर्य दाखवला. मुंगी मागे वळली आणि घरापासून दूर चालू लागली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात मुंगीच्या पायाखालची जमीन तीच होती, जमिनीवरचा वास तोच होता, बदलली होती ती केवळ सूर्याची बाजू. पुढे सान्चींना असेही आढळले, की सूर्य दिसत नसला आणि डोक्यावर आकाशाचा लहानसा तुकडा उघडा असला, तरी काही मुंग्यांना दिशा कळते. त्या तुकड्यात मुंगीला काय दिसत असावे, हे कोडे मात्र त्यांच्या हाती सुटले नाही. निळ्या आकाशाकडून येणारा प्रकाश ध्रुवीकृत असतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतात, आणि मधमाश्यांना ते ध्रुवीकरण दिसते, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९४९ मध्ये दाखवले, तेव्हा त्या जुन्या निरीक्षणाचा उलगडा झाला.

निको टिनबर्गेन यांनी नेदरलँड्समधील रेताड माळावर एकेकट्या राहणाऱ्या गांधीलमाशीचा केलेला अभ्यास आता पाठ्यपुस्तकांत पोहोचला आहे. ही माशी मधमाश्यांची शिकार करून त्या आपल्या बिळात पिल्लांसाठी साठवते. माशी बिळात असताना टिनबर्गेन यांनी बिळाभोवती पाइनच्या सुक्या फळांचे कडे मांडले. बाहेर पडलेली माशी बिळावर थोडा वेळ घिरट्या घालून शिकारीला गेली, तेव्हा ते कडे त्यांनी थोडे बाजूला सरकवले. परत आलेली माशी कड्याच्या मधोमध उतरली आणि तिथे नसलेले बीळ शोधत राहिली. बहुतेक ठिकाणी गोष्ट इथेच संपते, आणि मला ते अपुरे वाटते, कारण या अभ्यासाचे खरे बळ त्यानंतरच्या चाचण्यांत आहे. पाइनच्या फळांना वास असतो; माशी त्या वासाकडे ओढली गेली नसेल कशावरून? म्हणून फळांचा वास आणि त्यांचे दिसणे यांची फारकत करून पाहिली गेली, आणि माशी दिसण्याच्या बाजूने गेली. मग तिला फळ ओळखू येते, की कड्याचा आकार? यासाठी फळांचा त्रिकोण केला आणि शेजारी दगडांचे कडे मांडले; माशी दगडांच्या कड्यात उतरली. प्रत्येक उत्तरातून उरलेली शंका पुढच्या मांडणीत आणायची, ही शिस्त मला त्या पहिल्या, नाट्यमय उतरण्यापेक्षा अधिक शिकवून गेली.

उघड्या माळावर इतके साधत असेल, तर कीटकाला चार भिंतींत का आणायचे, असा प्रश्न साहजिक आहे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, ढग येतात, वारा वास वाहून आणतो, आणि एकाच प्राण्याला तीच सकाळ दुसऱ्यांदा देता येत नाही. शिवाय प्रयोग करणारी व्यक्ती स्वतःच त्या दृश्यातली एक उंच, काळी, हलणारी खूण असते. प्रयोगशाळा ही अडचण दूर करते, पण मोबदल्यात बरेच काही हिरावून घेते: आकाशाची उजळ विशालता, दूरवरचे क्षितिज, ऊन. ज्या प्राण्याच्या कित्येक पिढ्या काचेच्या बाटलीत वाढल्या, त्याच्या वाट शोधण्याबद्दल आपण बोलतो आहोत, हे भान सतत ठेवावे लागते. या देवघेवीत काय मिळाले आणि काय गेले याचा हिशेब प्रत्येक प्रयोगाला वेगळा मांडावा लागतो. घाऊक उत्तर नाही.

मिळकतीची बाजू पाहायची तर ब्रुस कार्टराइट आणि टॉम कॉलेट यांचे १९८३ सालचे काम घ्यावे. इतर ठळक खुणा काढून टाकलेल्या खोलीत त्यांनी मधमाश्यांना एका काळ्या नळकांड्यापासून ठरावीक अंतरावर साखरपाणी ठेवून शिकवले. मग साखरपाणी उचलले आणि माशी रिकाम्या जागेत कुठे शोध घेते त्याचे चित्रण केले. नळकांडे तेच असताना माशी योग्य जागी शोधायची. नळकांडे मोठे केले की ती अधिक दूर शोधायची, लहान केले की जवळ. म्हणजे नळकांडे तिच्या डोळ्यात शिकलेल्या वेळेइतकेच मोठे दिसेल अशा जागी ती जायची. मीटरपट्टीने मोजलेले अंतर तिने लक्षात ठेवले असते तर नळकांड्याच्या आकाराने काही फरक पडला नसता. तिने लक्षात ठेवले होते ते त्या जागेवरून दिसणारे दृश्य, आणि ती समोरचे दृश्य त्या आठवणीशी जुळेपर्यंत सरकत होती. इथेही सारे ज्ञान एका चुकीतून आले. उघड्या माळावर एखादे झाड रातोरात दुप्पट जाड करता येत नाही. खोलीत नळकांडे बदलायला क्षणभर पुरतो.

मी ज्या प्रयोगशाळेत काम केले तिथे फळमाश्या होत्या, आणि तिथली पहिली शिकवण म्हणजे माशीला तारेला जोडणे. फळमाशी जेमतेम तीन मिलिमीटर लांब आणि वजनाने सुमारे एक मिलिग्रॅम. तिला थंड धातूच्या पट्टीवर ठेवले की ती निपचित पडते. मग सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचल्याने तिला पोटावर वळवायचे, पाय आत घ्यायचे, पंख नीट मिटले आहेत हे पाहायचे, आणि टंगस्टनच्या केसाइतक्या बारीक तारेच्या टोकावर गोंदाचा नुसता ओलावा घेऊन ते टोक तिच्या छातीच्या पाठीवर टेकवायचे. हा गोंद अतिनील प्रकाशात काही सेकंदांत घट्ट होतो. तेवढ्या सेकंदांत हात स्थिर हवा, कारण गोंद मानेकडे ओघळला तर डोके जखडते आणि पंखाच्या मुळाशी गेला तर माशी उडू शकत नाही. तारेचा कोनही महत्त्वाचा. उडताना माशीचे अंग जसे किंचित वर झुकलेले असते तसेच ते राहायला हवे. शुद्धीवर आलेल्या माशीला कागदाचा एक कपटा द्यायचा. ती तो सहाही पायांत धरते आणि शांत राहते, आणि तो कपटा काढून घेतला, पायांखालचा आधार गेला, की तिचे पंख आपोआप सुरू होतात. सेकंदाला सुमारे दोनशे वेळा होणारी ती हालचाल डोळ्याला दिसत नाही. पंखांच्या जागी दोन धूसर पट्टे तेवढे उरतात.

जागच्या जागी उडणाऱ्या या माशीला वळायचे आहे की नाही, हे तिच्या पंखांवरून वाचता येते. डावीकडे वळू पाहणारी माशी उजवा पंख अधिक मोठ्या कमानीत मारते. वरून अवरक्त दिवा लावला, जो तिला दिसत नाही, तर दोन्ही पंखांच्या सावल्या खालच्या दोन प्रकाशसंवेदकांवर पडतात, आणि त्या दोन सावल्यांतला फरक म्हणजे तिचा वळण्याचा प्रयत्न. त्याआधीच्या काळात हेच बळ थेट मोजले जाई. कार्ल गोट्झ यांनी ट्युबिंगेनमध्ये १९६४ साली फळमाशीचे वळण्याचे बळ मोजणारे नाजूक उपकरण वापरून या साऱ्या अभ्यासाचा पाया घातला.

इथून पुढे दोन रस्ते फुटतात. एकात माशीभोवतीचे चित्र आपण ठरवू तसे हलते आणि माशी काय करते ते नोंदवले जाते. तिने कितीही वळण्याचा प्रयत्न केला तरी चित्राला त्याची दखल नसते. दुसऱ्यात तिच्या पंखांतला फरक यंत्र चित्राकडे पोहोचवते: ती डावीकडे वळू पाहते तेव्हा चित्र उजवीकडे सरकते, म्हणजे खरोखर वळली असती तर जग जसे सरकले असते तसेच. याला क्लोज्ड लूप म्हणतात, आणि कीटकांच्या अभ्यासात मला याहून सुंदर कल्पना माहीत नाही. पांढऱ्या भिंतीवर एक उभा काळा पट्टा दाखवला, तर काही क्षणांत माशी तो पट्टा आपल्या नाकासमोर आणते आणि तिथेच धरून ठेवते. पट्टा मुद्दाम बाजूला ढकलला तर पुन्हा मध्ये आणते. केसभरही न हललेला प्राणी आपल्या जगाचे सुकाणू चालवताना दिसतो. बांधलेल्या प्राण्याकडून आपण चालणे-उडणे काढून घेतो, पण त्याच्या कृतीचा परिणाम त्याला परत देतो, आणि त्या परताव्यामुळेच त्याच्या वागण्याला ‘वाट शोधणे’ म्हणण्याइतका अर्थ येतो. वुर्ट्झबुर्ग येथे मार्टिन हायझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच मांडणीत माशीला विशिष्ट चित्राकडे तोंड केले की उष्णतेचा झोत बसेल अशी व्यवस्था केली. माशी ते चित्र टाळायला शिकली. मात्र शिकवल्यानंतर तेच चित्र थोडे वर किंवा खाली सरकवून दाखवले, तर ते तिला ओळखू आले नाही. तिची आठवण डोळ्यातल्या जागेशी बांधलेली आहे, हे १९९३ साली या न ओळखण्यातूनच कळले.

चित्र दाखवण्याची भिंत ही या कामातली सर्वांत फसवी वस्तू आहे. आपल्या डोळ्यांना सेकंदाला साठ वेळा लुकलुकणारा दिवा जवळजवळ स्थिर दिसतो. वेगाने उडणाऱ्या माश्यांचे डोळे सेकंदाला दोनशेहून अधिक वेळा होणारी लुकलुक वेगळी काढू शकतात, त्यामुळे आपल्याला सलग वाटणारे चलचित्र त्यांना तुटक चित्रांची रांग वाटू शकते. घरगुती पडद्याचे रंग माणसाच्या डोळ्यातील तीन प्रकारच्या पेशींना फसवण्यासाठी योजलेले असतात. मधमाशीला अतिनील, निळा आणि हिरवा दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही, आणि पडद्यात अतिनील नसतोच. म्हणजे पडद्यावरचे फूल आपल्यासाठी फूल असते, तिच्यासाठी ते काय असते हे सांगणे अवघड. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश तर ध्रुवीकृत असतो, आणि ध्रुवीकरणावरून दिशा ओळखणाऱ्या प्राण्यासमोर तो ठेवणे म्हणजे न विचारता एक होकायंत्र त्याच्या हाती देणे. मायकेल रायझर आणि मायकेल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये एलईडीच्या छोट्या चौकोनी फळ्या जोडून माशीभोवती गोल भिंत उभी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा लुकलुकीचा प्रश्न पुष्कळ सुटला, आणि तशा भिंती अनेक प्रयोगशाळांत उभ्या राहिल्या.

तरीही प्रत्येक मांडणीला दिवे मालवून, अंधाराला डोळे सरावेपर्यंत आत बसून, माशीच्या जागी स्वतःचे डोळे नेण्याचा प्रयत्न करावा लागतो. कुठल्या तरी यंत्राचा मिणमिणता हिरवा दिवा दिसतो, पडद्याच्या दोन कापडांमधून बाहेरच्या खोलीची एक रेघ आत येते, धातूच्या खांबावर भिंतीचे प्रतिबिंब चमकते. हे सारे काळ्या चिकटपट्टीने झाकायचे, आणि मग प्रकाशमापकाने पुन्हा तपासायचे, कारण आपल्याला न दिसणारा अतिनील अजून कुठून येत असेल ते आपले डोळे सांगणार नाहीत. प्रयोगशाळेतली ही कामे कोणाच्या लेखात दोन ओळींहून अधिक जागा घेत नाहीत. माझ्या मते निष्कर्षाचा निम्मा भार त्या दोन ओळींवर असतो.

कीटकाची चूक किती नेमके बोलू शकते, याचे माझे आवडते उदाहरण बारीक पट्ट्यांचे आहे. उभ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे पिंप माशीभोवती फिरवले, की ती पट्ट्यांच्या दिशेने वळते. वाऱ्याने भरकटलेल्या प्राण्याने आपली दिशा सावरावी तसा हा प्रतिसाद असतो. पट्टे बारीक करत गेले, की एका मर्यादेनंतर माशी उलट दिशेने वळू लागते. चित्रपटात धावत्या गाडीची चाके कधी कधी मागे फिरताना दिसतात, त्याच जातीची ही गोष्ट आहे. फळमाशीच्या एका डोळ्यात सुमारे साडेसातशे भिंगे असतात आणि शेजारच्या दोन भिंगांच्या रोखांत जवळपास पाच अंशांचा कोन असतो. पट्ट्यांची जोडी या कोनाच्या दुपटीहून अरुंद झाली, की पुढे सरकणारा पट्टा शेजारच्या भिंगाला मागे सरकल्यासारखा भासतो. म्हणजे डोळ्याला हात न लावता, केवळ माशी कधी उलटी फिरते हे पाहून, तिच्या डोळ्याची जाळी किती बारीक आहे ते बाहेरून मोजता येते.

बेर्नहार्ड हासेनश्टाइन आणि वेर्नर राइशार्ट यांनी गती ओळखण्याचे गणित शोधले तेही अशाच पट्ट्यांच्या पिंपात, पण त्यांचा प्राणी क्लोरोफानस नावाचा भुंगेरा होता आणि त्यांचे उपकरण गवताच्या काड्यांचे. पाठीने एका जागी चिकटवलेल्या भुंगेऱ्याच्या पायांत त्यांनी काड्यांचा हलका, पोकळ गोल दिला. भुंगेरा काडीवरून चालायचा, म्हणजे तो स्वतः जागीच राहून गोल त्याच्या पायांखाली फिरायचा. थोड्या पावलांनी दोन फाट्यांचे टोक यायचे आणि त्याला डावी किंवा उजवी काडी निवडावी लागायची. त्या निवडींची नोंद ठेवत दोघांनी १९५६ मध्ये मांडले, की शेजारच्या दोन भिंगांपैकी एकाचा संदेश किंचित थांबवून दुसऱ्याच्या संदेशाशी गुणला, की गतीची दिशा मिळते. या गणिताला आज सत्तर वर्षे होत आली, आणि फळमाशीच्या मेंदूत ते कोणत्या पेशी कसे करतात याचा शोध अजून चालू आहे. आज त्या काड्यांच्या गोलाच्या जागी हवेच्या झोतावर तरंगणारा फोमचा लहानसा चेंडू आहे आणि त्याचे फिरणे कॅमेरे टिपतात, पण मूळ कल्पना तीच राहिली.

मधमाश्यांना बांधून ठेवणे कठीण, म्हणून त्यांच्यासाठी बोगदे बांधले गेले. मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात अरुंद बोगद्याच्या भिंतींवर नक्षी लावून माश्यांना त्यातून साखरपाण्याकडे उडायला शिकवले. माशी दोन्ही भिंतींच्या बरोबर मधून उडायची. एका भिंतीवरचे पट्टे माशीच्याच दिशेने हलवले, की ती त्या भिंतीकडे सरकायची, कारण ती भिंत तिच्या डोळ्यांपुढून अधिक सावकाश मागे पडत होती आणि म्हणून अधिक दूर भासत होती. त्याच बोगद्याने अंतर मोजण्याचे कोडेही सोडवले. भिंती जवळ असल्याने त्यांवरची नक्षी भराभर मागे सरकते, आणि बोगद्यात काही मीटरच उडालेली माशी पोळ्यावर परतून, अन्न किती दूर आहे हे इतर माश्यांना कळवणारा नाच असा करते, की जणू ती त्याच्या कितीतरी पट दूर जाऊन आली आहे. पट्टे बोगद्याच्या लांबीच्या दिशेने आडवे लावले, म्हणजे उडताना काहीच मागे सरकत नाही, तर अंतराची ही जाणीवच जवळजवळ नाहीशी होते. पुढे २००१ साली असे दिसले, की तो नाच पाहून निघालेल्या तिच्या बहिणी बोगद्याकडे न जाता खरोखर दूरवर जाऊन शोध घेतात. एका माशीच्या डोळ्यांना दिलेला चकवा दुसरीच्या उड्डाणात मोजता आला.

फळमाशीला जागा आठवते का, या प्रश्नासाठी टायलर ऑफस्टॅड, चार्ल्स झुकर आणि मायकेल रायझर यांनी २०११ मध्ये गरम फरशीचे रिंगण वापरले. खाली चौसष्ट चौकोनी फरश्या, सगळ्या ३६ अंश सेल्सिअसला तापलेल्या, त्यांतली एकच २५ अंशांची. भोवती एलईडीची गोल भिंत, तिच्यावर वेगवेगळ्या पट्ट्यांचे देखावे. माशी धावाधाव करून थंड फरशी शोधते, आणि सरावाने ती फरशी लवकर सापडू लागते. प्रत्येक फेरीत थंड फरशीची जागा बदलली जायची आणि भिंतीवरचा देखावाही तेवढाच फिरवला जायचा. त्यामुळे माशीने आधी टाकलेल्या पावलांचा वास तिला काही सांगू शकत नव्हता, देखाव्याशी असलेले नातेच तेवढे टिकून राहत होते. अंधारात हे शिकणे साधले नाही. आणि शेवटच्या कसोटीत थंड फरशी नव्हतीच: सगळी जमीन गरम ठेवून देखावा फिरवला, आणि माश्या जिथे थंडावा असायला हवा होता तिथे जाऊन शोधत राहिल्या. टिनबर्गेन यांच्या माशीने रिकाम्या कड्यात केला तोच हा शोध.

या प्रयोगात मला एक गोष्ट टोचते, आणि ती लपवून पुढे जाणे बरे नाही. ३६ अंशांची जमीन माशीला नकोशी असते. तिची घाई हीच आपली मोजपट्टी आहे. तारेला जोडलेली माशी प्रयोगानंतर सहसा जिवंत सुटत नाही. कीटकांना वेदना कळते का, हा वाद इथे मिटणारा नाही, पण तो मिटेपर्यंत गरजेपेक्षा एकही अधिक प्राणी न वापरणे आणि प्रश्न नीट ठरल्याशिवाय प्रयोग सुरू न करणे एवढे आपल्या हातात असते. गोंधळलेल्या प्रश्नासाठी चुकवलेला प्राणी वाया जातो, हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगत आले.

टोचणारी दुसरी गोष्ट विज्ञानाची आहे. माशीला मागच्या पंखांच्या जागी दोन छोटे दांडे असतात, ते उडताना लयीत हलतात आणि अंग वळले की तिला कळवतात. तारेला घट्ट बांधलेली माशी वळतच नाही, म्हणून तिचे डोळे ‘आपण वळलो’ म्हणतात तेव्हा हे दांडे ‘नाही’ म्हणतात. आपण दृष्टी वेगळी काढतो आहोत असे समजतो, पण प्रत्यक्षात प्राण्याच्या दोन इंद्रियांत भांडण लावत असतो. यावर उपाय म्हणून माशीला लोखंडी टाचणीला जोडून चुंबकांमध्ये टांगण्याची युक्ती आली; तिथे ती निदान जागच्या जागी गरगर वळू शकते. दांड्यांचा विरोध त्यामुळे पुष्कळ शमला, तरी पुढे जाणे राहिलेच. प्रत्येक पद्धत काही सोडवते आणि काही नवे गुंतवते, आणि म्हणून एकाच पद्धतीवर उभ्या असलेल्या निष्कर्षावर माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

स्थिर बांधलेल्या माशीने दिलेली सर्वांत मोठी देणगी मात्र दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तेव्हा मिळाली नसती. योहानेस झीलिग आणि विवेक जयरामन यांनी जनेलिया संशोधन केंद्रात माशीचे डोके स्थिर करून तिला चेंडूवर चालू दिले, डोक्यावरच्या कवचाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाने आत पाहिले, आणि २०१५ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केले ते वाचून मी दिवसभर दुसरे काही वाचले नाही. मेंदूच्या मध्यभागी कड्याच्या आकाराचा एक भाग आहे. त्या कड्यात चेतापेशींच्या सक्रियतेचा एकच उजळ ठिपका असतो, आणि माशी वळली की तो कड्यावरून तितकाच सरकतो. समोरचा पट्टा दिसत असताना तो पट्ट्याला धरून राहतो. सगळे दिवे मालवले तरी तो विझत नाही. माशीच्या वळण्याबरोबर सरकत राहतो, फक्त हळूहळू थोडा चुकत जातो. अंधारात साचत जाणारी ही चूकच सांगते, की ठिपका एरवी डोळ्यांकडून सतत दुरुस्त केला जात असतो. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, म्हणजे सुमारे एक लाख एकोणचाळीस हजार चेतापेशींचा, जोडणीनकाशा प्रसिद्ध झाला. त्यात हे कडे आणि त्याला येऊन मिळणाऱ्या तारा जोडणीनिशी पाहता येतात. त्या तारांतून कोणत्या क्षणी काय वाहते हे कळायला मात्र पुन्हा एखादी माशी चेंडूवर चालवावी लागते.

सध्या मला सर्वांत गुंतवून ठेवणारा प्रश्न दोन निकालांच्या विसंगतीतून आला आहे. गरम फरशीच्या प्रयोगात माश्यांचा मशरूम बॉडी नावाचा मेंदूचा भाग बंद केला तेव्हा जागेची आठवण टिकली, वासाचे शिकणे बिघडले. जागेच्या आठवणीसाठी लागल्या त्या मधल्या कड्याशी जोडलेल्या काही पेशी. उलट २०२० मध्ये दोन वेगळ्या गटांनी मुंग्यांच्या मशरूम बॉडीत प्रोकेन हे भूल आणणारे औषध सुईने सोडले, आणि त्या मुंग्यांची शिकलेली, डोळ्यांवर चालणारी वाट हरवली. यांतल्या लाल वनमुंग्यांच्या अभ्यासात ठळक काळ्या खुणेकडे उपजत जाणे शाबूत राहिले, शिकलेले तेवढे गेले; त्यामुळे मुंगी आंधळी झाली किंवा चालायची थांबली असे म्हणता येत नाही. मग ही विसंगती प्राण्यांची आहे, की पद्धतींची? माशीला काही मिनिटांत, हाताच्या रुंदीएवढ्या रिंगणात, मोजक्या पट्ट्यांच्या देखाव्यात एक जागा शिकायची होती. मुंगीला वाटेवर दिसणाऱ्या दृश्यांशी आपली दिशा जोडून ठेवायची होती. एक जागा ओळखणे आणि एक वाट आठवणे ही मेंदूला दोन निराळी कामे असू शकतात, आणि तसे असेल तर दोन्ही निकाल आपापल्या ठिकाणी बरोबर आहेत.

हे ठरवायचे तर दोन्ही प्राण्यांना दोन्ही कामे द्यायला हवीत: मुंगीला रिंगणात लपलेली एक जागा, आणि माशीला लांब, वळणाची, दृश्यांनी भरलेली वाट. मुंगीला हवेवरच्या चेंडूवर चालवणे आता शक्य झाले आहे, आणि माशीसाठी चेंडूभोवती बदलती दृश्ये उभी करणेही. अडचण उरते ती बक्षिसाची. मुंगी घरासाठी चालते, माशीला परतायला घर नाही. तिला त्या वाटेच्या शेवटी उष्णतेपासून सुटका द्यायची की अन्न, आणि दोहोंपैकी ज्याची निवड करू त्यानेच तिच्या मेंदूचा वेगळा भाग कामाला लागेल की काय, हे आधी तपासावे लागेल. माझ्या वहीत पुढच्या मांडणीचे जे आराखडे आहेत, त्यांत पहिले पान याच तपासणीचे आहे: भिंत तीच, पट्टे तेच, जागा तीच, अर्ध्या माश्यांना थंडावा आणि अर्ध्यांना साखर, आणि दोन्ही गटांना शेवटी एकदा देखावा फिरवून कुठे चुकतात ते पाहायचे.